'श्रीमान योगी'च्या आधीची पानं

'श्रीमान योगी' हातात घेतलेली मराठवाड्यातली कितीतरी पोरं कादंबरीच्या आधीच अडकली. रणजित देसाईंना नरहर कुरुंदकरांनी लिहिलेलं लांबलचक पत्र त्यात प्रस्तावना म्हणून छापलंय. लढाया वाचायला आलेल्या पोरानं खरं तर ती पानं उलटून पुढं जायचं. अफजलखान आणि आग्रा चौथीच्या पुस्तकातच होऊन गेले होते. हा माणूस मात्र भलतंच विचारत होता. शिवाजी महाराज गेल्यावरही माणसं औरंगजेबाशी इतकी वर्षं कशाच्या बळावर लढली? आम्हाला शाळेत हे कुणी विचारलं नव्हतं.

तोवर निबंध म्हणजे 'मी पंतप्रधान झालो तर'. शेवटी सुविचार टाकला की मार्क पक्के. पाठ्यपुस्तकातले ललित निबंध चांदण्यात आणि प्राजक्तात न्हालेले. टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या गल्लीला त्यातलं फारसं काही लागू नव्हतं.

मी लातूरचा, मामा नांदेडचे. ऐंशीच्या दशकातला मे महिना, अहमदपूर-लोहा करत जाणारी लाल एसटी. मामा पीपल्स कॉलेजात शिकलेले. "काय वाचायलास रे?" त्यांनी विचारलं. प्रस्तावना म्हटल्यावर हसले आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून कुरुंदकरांचंच 'जागर' काढून दिलं. 1969 साली निघालेला हा लेखसंग्रह राजकारणावरचा. सुट्टीत कोण वाचणार?

पण काय मजा आली! कुरुंदकर आधी समोरच्याची बाजू अशी मांडतात की ती त्या बाजूच्या माणसालाही तितकी जमली नसती. आपण मान डोलवायला लागतो. मग सावकाश एकेक वीट काढायला सुरुवात होते आणि आपलीच मान अवघडते. भाषा सरळ, अलंकार जवळपास नाहीतच. त्यात मामांच्या मित्रांनी समासात पेन्सिलीनं भांडणं केलेली. एकाचं 'साफ चूक', त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'पुढचं पान वाच आधी'. एका पुस्तकात चार-पाच जण बोलत होते. नंतर 'शिवरात्र' वाचलं. 'धार आणि काठ'मध्ये तर मराठी कादंबरीचा मागोवा. त्यातल्या निम्म्याअधिक कादंबऱ्या मी पाहिलेल्याही नव्हत्या, तरी पुस्तक खाली ठेववेना.

कुरुंदकर गुरुजी तोवर हयात नव्हते. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत कार्यक्रम चालू असताना व्यासपीठावरच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. नांदेडकर मात्र 'गुरुजी म्हणतात' असंच बोलायचे. इंटरला नापास झालेला हा माणूस पुढं पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, हे मामा फार चवीनं सांगत. आजच्या लातुरात ही गोष्ट सांगायची सोय नाही. इथल्या ट्यूशन एरियात चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लागतात आणि लेकरं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या पलीकडं बघत नाहीत. बघितलं तर आईबापांच्या पोटात गोळा येतो. वाचनालयांपेक्षा अभ्यासिका जास्त. एसी, वायफाय, ठरलेली खुर्ची; पुस्तक ज्याचं त्यानं आणायचं.

तरी ते दिवस सोन्याचे होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'जागर' सुट्टी संपताच परत ट्रंकेत गेलं. त्यांचं 'मागोवा' हे पुस्तक मिळायला कैक वर्षं गेली. मामा नसते तर सगळं प्रस्तावनेवरच थांबलं असतं, आणि असे मामा किती जणांना होते? आता साधना प्रकाशनानं काढलेल्या नव्या आवृत्त्या घरपोच येतात, भाषणं यूट्यूबवर ऐकता येतात. सोय झाली ती झालीच. फक्त नव्या प्रतीचे समास कोरे असतात, नि तिथं आपल्याआधी कुणी चिडलेलं नसतं.

भाची सध्या नीटच्या तयारीत आहे. मेसवर जेवताना तिनं गुरुजींचं एक भाषण दीडपट वेगानं ऐकलं. म्हणून मी 'शिवरात्र' पाठवलं. आठवड्यानं फोन आला, "मामा, यांचं एक अजिबात पटलं नाही." कुठलं, विचारलं तर वीस मिनिटं बोलत राहिली, मध्ये दोनदा माझंच खोडून काढलं. रात्री बहिणीचा फोन. परीक्षा होईपर्यंत पुस्तकं पाठवायची नाहीत, अशी सक्त ताकीद मला मिळालीय.