खाड्यांचा हिशोब आणि बार्शीची स्क्रिप्ट

आमच्या मेसमध्ये खाडा धरायचा असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत चिठ्ठी द्यावी लागते. मेसचे काका ती तारेत खोचतात आणि सेमच्या शेवटी हिशोबाला बसतात. हिशोब कधीच जुळत नाही! गावाला जाऊन आलेला पोरगा म्हणतो पाच खाडे, काका म्हणतात तीन. सेकंड इयरला असताना माझ्या डोक्यात आलं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. लॅबमधून बाद झालेलं एक मशीन रेक्टर सरांच्या मागे लागून मिळवलं. चार जीबी रॅम, आणि पंख्याचा आवाज ट्रॅक्टरसारखा. त्यावर लिनक्स टाकलं, पायथॉनमध्ये छोटीशी साईट लिहिली, आणि चालली की हो! मग काय, होस्टेलमध्ये आपली कॉलर ताठ.

हळूहळू ज्युनिअर्स यायला लागले. कुणाला इस्त्रीच्या कपड्यांचा हिशोब ठेवायचा होता, कुणाला क्रिकेटची वर्गणी. मी मोठ्या मनाने सांगितलं, "टाका रे तुमच्या स्क्रिप्ट माझ्याच सर्व्हरवर." सगळ्या स्क्रिप्ट माझ्याच युजरखाली चालायच्या. प्रत्येकाला वेगळा युजर करून दिला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं, पण कंटाळा केला.

इस्त्रीवाली स्क्रिप्ट बार्शीची. (होस्टेलमध्ये नावाने कोण कुणाला हाक मारतं? गाव हेच नाव.) तीस दिवसांपेक्षा जुन्या फाईल रोज रात्री पुसायच्या, एवढंच तिचं एक काम होतं. आपल्या लॅपटॉपवर त्याने 'डेटा' नावाचं फोल्डर थेट मुळाशी केलं होतं आणि स्क्रिप्टमध्ये तोच पत्ता लिहिला होता. सर्व्हरवर त्याच पत्त्यावर, त्याच नावाचं फोल्डर होतं. माझं. खाड्यांचं.

नोव्हेंबरच्या पहिल्याच रात्री जुलै ते सप्टेंबरचे सगळे खाडे साफ झाले. बॅकअप? कृपया विचारू नका.

मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ज्युनिअरने चुकीची स्क्रिप्ट टाकली." माझ्या युजरबद्दल एक अक्षर काढलं नाही. बार्शी मान खाली घालून बसला होता. शेवटी काकांनी तारेत खोचलेल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आणून टेबलावर ठेवले. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वासच नव्हता, म्हणून त्यांनी एकही चिठ्ठी फेकली नव्हती! तीन रात्री मी आणि बार्शी त्या चिठ्ठ्या भरत बसलो. तो कामापुरतं बोलत होता. "पुढची," "वाचता येत नाही," बस.

दिवाळीच्या सुट्टीत मी वेबअसेंब्लीच्या मागे लागलो. ही गोष्ट मुळात ब्राउझरसाठी जन्माला आली. २०१७ साली चारही मोठ्या ब्राउझरमध्ये पोचली, डिसेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने तिला मानक म्हणून मान्यता दिली. पण त्याच २०१९ मध्ये 'वासी' नावाचा एक इंटरफेस जाहीर झाला आणि वेबअसेंब्लीला ब्राउझरबाहेर, म्हणजे सर्व्हरवरसुद्धा, फाईल आणि घड्याळ वापरायची एक ठरलेली वाट मिळाली. असा कोड चालवणारे आटोपशीर रनटाइम आहेत. मी घेतला त्याचं नाव वासमटाइम.

आता हे आपल्या भाषेत सांगतो. मेसचं स्वयंपाकघर डोळ्यापुढे आणा. आपल्याला आत प्रवेश नाही, फक्त एक खिडकी. खिडकीतून जे ताट येईल ते आपलं. वेबअसेंब्लीतला प्रोग्राम असाच खिडकीबाहेर उभा असतो. त्याला मेमरीचा एक सलग तुकडा मिळतो, ६४ केबीच्या पानांनी वाढणारा. त्या तुकड्याबाहेर हात घातला की रनटाइम त्याला तिथल्या तिथे थांबवतो. फाईल उघडायची तर ती रनटाइमकडे मागायची, आणि रनटाइम फक्त तीच फोल्डरं दाखवतो जी आपण चालवताना नाव घेऊन दिली आहेत.

पण आमच्या स्क्रिप्ट तर पायथॉनच्या! त्याला उपाय असा की पायथॉनचा अख्खा इंटरप्रिटरच वेबअसेंब्लीत कंपाईल करायचा आणि स्क्रिप्ट त्याला वाचायला द्यायची. ही सोय पायथॉनवाल्यांनी स्वतःच केलेली आहे. बाकी मांडणी १९९३ सालच्या सीजीआयसारखी. विनंती आली की तिची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि स्टँडर्ड इनपुटमधून आत, उत्तर स्टँडर्ड आउटपुटमधून बाहेर. काम झालं की सगळी मेमरी फेकून द्यायची. पुढच्या विनंतीला कोरी पाटी.

सगळं गोडच आहे असं नाही. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की मी चहा करून आलो. इंटरप्रिटर आधीच मशीन कोडमध्ये कंपाईल करून ठेवल्यावर तो प्रश्न सुटला. पण आतल्या पायथॉनला थ्रेड नाहीत, सॉकेट नाही, दुसरा प्रोग्राम सुरू करता येत नाही, नमपायसारखी सी-तली पॅकेजेस सहजासहजी चालत नाहीत. वेगही साध्या पायथॉनपेक्षा कमी. डॉकरने हे काम झालं नसतं का? झालं असतं. पण मला एक चैन हवी होती ती इथे मिळाली. प्रत्येक स्क्रिप्टला मोजून इंधन देता येतं. तेवढ्या सूचना चालल्या की इंधन संपलं, स्क्रिप्ट बंद. क्रिकेटवाल्यांच्या अनंत लूपने यापूर्वी दोनदा मशीन झोपवलं होतं, त्यांच्यासाठी हे खास!

सुट्टीनंतर बार्शीला रूमवर बोलावलं. त्याची जुनी स्क्रिप्ट, एक अक्षर न बदलता, त्याच्यासमोर चालवली. उत्तर आलं, 'अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही.' परवानगी नाही असंसुद्धा नाही. तिच्या दृष्टीने माझं फोल्डर जगातच नव्हतं! मग मी चालवताना एक गोष्ट जास्त दिली. इस्त्रीचं फोल्डर आत 'डेटा' या नावाने दिसू दे. परत चालवली. इस्त्रीच्या जुन्या फाईल गेल्या. खाडे जागच्या जागी.

बार्शी बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता.

"म्हणजे दादा, स्क्रिप्ट तेव्हा पण बरोबरच होती?"

"तशी बरोबरच होती. सर्व्हरवर टाकताना फोल्डर कुठलं, हे बघायचं काम माझं होतं."

"मग कमिटीत सांगणार का?"

रविवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं. तीन मिनिटं लागली असतील, पण मला व्हायव्हाच्या वरताण घाम फुटला होता. रेक्टर सर नुसते हं म्हणाले. बार्शी मागच्या बाकावर होता, या वेळी मान वर होती. काकांना वेबअसेंब्ली वगैरे काही कळलं नाही, त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता चिठ्ठ्या बंद करायच्या का?"

"नको काका," मी आणि बार्शी एकदमच म्हणालो.