एकाहत्तर दशांश दोन सहा दोन

गंगेची धोक्याची पातळी किती, असं विचारलं तर घाटावरचा कोणीही ‘एकाहत्तर’ म्हणेल. माझा काका ‘एकाहत्तर दशांश दोन सहा दोन’ म्हणतो. समोरच्याने नुसतं एकाहत्तर म्हटलं, तर त्याला दुरुस्त केल्याशिवाय काका पुढे बोलत नाही; मग तो नावाडी असो, पाहुणा असो की दारातला पोस्टमन. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरवर गेलं होतं, हा आकडा आमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो.

घर काशीत, अहिल्याबाई घाटाच्या वरच्या गल्लीत. हा पूर्वीचा केवलगिरी घाट. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून घेतला, वर वाडा उभारला, आणि नाव त्यांचं पडलं. पावसाळ्यात काका सकाळ-संध्याकाळ जाऊन कोरड्या पायऱ्या मोजतो. वहीत पायऱ्या निळ्या शाईने आणि पेपरात छापून आलेली राजघाटची पातळी लाल शाईने. तिसरा रकाना रिकामा. तो कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ‘वहीत तीन रकाने आखलेले असतात,’ काका म्हणाला.

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीला ऑटिझम असल्याचं निदान झालं. त्याआधी एक फॉर्म भरायचा होता. बोलायला कधी लागली, नजर देते का, आवाजाचा त्रास होतो का, असं सगळं त्यात होतंच. शेवटी ‘कुटुंबात आणखी कोणी?’ यापुढे दोन ओळींची जागा होती. मी पुरवणी जोडली. सात पानं. डॉक्टरबाई ती चाळत हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुम्ही एकट्या नाही आहात.’ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझम असलेल्या अकरा मुलांवरचा जो निबंध लिहिला, त्यातल्या पहिल्या मुलाच्या, डोनाल्डच्या वडिलांनी मुलाची माहिती म्हणून तेहतीस पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं होतं. मुलाचं निदान व्हायचं होतं. वडिलांचा नमुना आधीच टपालाने पोचला होता.

माझ्या सात पानांत आजोबा पहिले. घनपाठी. घनपाठात दोन पदं सरळ, उलट, मग तिसरं जोडून सरळ, उलट, पुन्हा सरळ, अशी संहिता गुंफत न्यायची असते. आजोबांना ते येत होतं यात काशीत नवल नाही. पण शेजारच्या माणसाशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की ते आतल्या खोलीत निघून जात. पंगतीत यजमानाने ‘कसं काय शास्त्रीबुवा?’ म्हटलं, तर कसं काय म्हणजे नेमकं काय, हे विचारत. धोतराची घडी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. लोक त्यांना कर्मठ म्हणत आणि वाकून नमस्कार करत. वेदपाठी म्हणजे ऑटिस्टिक, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नका. पलीकडच्या घरातले घनपाठी अख्ख्या गल्लीला गोष्टी सांगून हसवत, पान लावून देत, चार लग्नं जमवत. आजोबांना त्या विद्येने जागा दिली, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा नंबर काकाचा. विश्वनाथाला जायचा त्याचा रस्ता ठरलेला, वळणं मोजलेली. २०२१ च्या डिसेंबरात देवळाच्या कॉरिडॉरचं उद्घाटन झालं, तोवर त्या रस्त्यातल्या गल्ल्या पाडलेल्या होत्या. काकाने देवळात जाणं सोडलं. देवाशी त्याचं भांडण नाही, रस्ता उरला नाही, इतकंच. यालाही लोकांनी ‘मनस्वी माणूस’ म्हणून पचवलं. लग्न केलं नाही, तर त्याला ब्रह्मचारी म्हणू लागले.

आणि आत्या. १९७१ साली एकोणिसाव्या वर्षी तिला इंदुरात दिली. काही महिन्यांत ती परत आली, म्हणजे आणून सोडली. सासूबाईंनी वरण-भात कालवून पुढे ठेवला की ती उठून जाई. पदार्थ एकमेकांना लागलेले तिला चालत नसत. कोणी रागावलं तर त्यांच्या तोंडाकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे. नणंदेने ‘वहिनी, ही साडी कशी दिसते?’ विचारलं, तेव्हा तिने ती कशी दिसते ते सांगितलं. आजोबांना ज्या गुणांवर दक्षिणा मिळाली, तेच गुण आत्याच्या पदरात ‘खुळी’ म्हणून पडले. बाईला नजर देता आली पाहिजे, मन राखता आलं पाहिजे, वाटेल ते गिळता आलं पाहिजे. आमच्या घरात हा एकच स्वभाव तीन माणसांत उतरला होता. त्याची किंमत मात्र एकटीकडून वसूल झाली.

या बाबतीत विज्ञानानेही बाईला सोडलेलं नाही. मुलांच्या आईवडिलांत एक थंडपणा आणि काटेकोरपणा दिसतो, असं कॅनर यांनीच नोंदवलं होतं. त्यातून पुढे दोष आईवर आला आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’ हे लेबल कित्येक बायकांनी वर्षानुवर्षं सोसलं. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकसारख्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडं ऑटिस्टिक निघाली. वेगळ्या दिसणाऱ्या दहा जोड्यांत एकही नाही. म्हणजे हे रक्तातून येतं, आईच्या मांडीवर तयार होत नाही. २०१९ साली पाच देशांतल्या सुमारे वीस लाख मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या आसपास निघाला. (याचा अर्थ ऑटिस्टिक माणसाच्या मुलाला ऐंशी टक्के धोका, असा नाही. माझ्या दिराने तसा काढला आणि नातलगांच्या ग्रुपवर टाकला.) शंभरावर जनुकं यात गुंतलेली आहेत, आणि एकाच घरात कोणाला पूर्ण निदान मिळतं, तर कोणाच्या वाट्याला नुसत्या छटा येतात. मला स्वतःला टेलिफोनची रिंग वाजली की पोटात गोळा येतो, आणि मी पोटासाठी पुस्तकांच्या सूची करते. माझी तपासणी मी अजून करून घेतलेली नाही.

हे सगळं सांगूनही ‘तूच तिला मोबाइल देऊन बसवत असशील’ हे मी तीन शहरांत ऐकलं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन घाटावर गेले. तिचं खणाखणांचं स्टीलचं ताट बरोबर होतं. एका खणात भात, दुसऱ्यात वरण, तिसऱ्यात कोशिंबीर, आणि भिंती ओलांडायच्या नाहीत. आत्याने ताट उचललं, उलटं केलं, कंपनीचं नाव वाचलं, खणांच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘हे कुठे मिळतं?’ मग जरा वेळाने, ‘तेव्हा मिळत होतं का?’ मला माहीत नव्हतं. चौकातल्या भांडेवाल्याकडून तिच्यासाठी एक आणलं. तेव्हापासून दोघी शेजारी बसून, एक अक्षर न बोलता जेवायच्या. असं निवांत जेवण त्या घरात मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळची भानगड वेगळी. दशाश्वमेध घाट आमच्या शेजारी. आरतीची वेळ झाली की लाउडस्पीकर, शंख, घंटा, नावांची इंजिनं, सगळं एकदम खिडकीतून आत शिरतं. दुनिया ते बघायला विमानाने येते. माझी मुलगी पहिल्या संध्याकाळी पलंगाखाली गेली. मी हेडफोन शोधत होते, तेवढ्यात आत्या कापूस घेऊन आली, तिला न शिवता दोन बोळे फरशीवर ठेवले आणि आतल्या कोठीच्या खोलीत निघून गेली. थोड्या वेळाने मुलगी पाठोपाठ गेली. धान्याच्या कोठ्या, दोन गोधड्या, खिडकी नाही. आत्या वर्षानुवर्षं रोज ही पाऊणेक तासाची वेळ तिथे काढत आलेली आहे, आणि घरात सगळे म्हणायचे की आरतीच्या वेळी ही दडी मारते, हिला देवाचं काही नाही.

रात्री मी काका आणि आत्या दोघांना ऑटिझमबद्दल सांगितलं. शक्य तितक्या साध्या शब्दांत. निदान, पुण्यातली ऑक्युपेशनल थेरपी, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात याचं नाव आहे, प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांवर गुण देतात, सगळं. आणि माझी सात पानंही.

काका चिडला. ‘मला काय झालंय? पाणी मोजणं हा रोग आहे का?’ रोग नाही म्हटलं, तर म्हणाला, ‘मग माझं नाव खोड.’ त्याचं बरोबर होतं. त्याला या नावाची कधी गरज पडली नव्हती. मी खोडलं. त्याने ओळ पूर्ण खोडली गेली की नाही ते तपासलं आणि झोपायला गेला.

आत्या बसून राहिली. तिचं पान तिने सावकाश वाचलं, इंदूरचा मजकूर दोनदा.

‘हे तेव्हा माहीत असतं तर मला परत पाठवलं नसतं?’

‘पाठवलंच असतं गं,’ मी म्हणाले. ‘तेव्हा आपल्याकडे हे कोणाला ठाऊक होतं? अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या अधिकृत यादीतसुद्धा स्वतंत्र निदान म्हणून हे १९८० मध्ये आलं.’

‘म्हणजे नऊ वर्षं चुकली.’

यावर मला काही बोलता आलं नाही. तिने पान माझ्याकडे सरकवलं.

‘मला ठळक अक्षरात लिहून दे. काय असतं, कशामुळे असतं, खुळेपणा नाही, एवढंच. घरातल्या बाकीच्यांचं नको.’

‘कशाला?’

‘इंदूरला पाठवायचंय.’

‘आत्या, पन्नासाच्या वर वर्षं झाली. त्या घरात आता कोण असेल?’

‘ते मला माहीत नाही. पत्ता माहीत आहे,’ ती म्हणाली, आणि घर नंबरापासून सुरू करून गल्ली, मोहल्ला, शहर असा सगळा पत्ता तिने कोपऱ्यातल्या कॅलेंडरकडे बघत सांगितला. ‘पिनकोड तेव्हा नव्हता. तो बहात्तर साली आला. मी नंतर पोस्टात जाऊन विचारून ठेवलाय.’