मागच्या सीटला ब्रेक नसतो

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीला टॅन्डम म्हणतात. आपली डबलसीट वेगळी. तिथं कॅरिअरवरचा निवांत बसतो आणि पुढचा घाम गाळतो. टॅन्डमवर दोघांनाही पाय मारावे लागतात. पण वळवायचं हँडल पुढच्याच्याच हातात, आणि ब्रेकही बहुधा त्याच्याकडेच. मागचं हँडल नुसतं धरायला. दोघांची पॅडल साखळीने जोडलेली असतात. एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही अडतात.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणात समुद्रकाठी अशी सायकल भाड्याने मिळाली. नवरा पुढे, मी मागे. थोडं अंतर बरं गेलं. मग त्यांनी काही न बोलता पाय थांबवले आणि पॅडल माझ्या पोटरीवर बसलं. पुढे गतिरोधक आला. मला दिसत होती फक्त त्यांची पाठ. सीटवरून उडाले, सायकल आडवी झाली, कोपर सोललं. खोचलेली ओढणी सुटून मागच्या चाकात गेली. वेग कमी होता म्हणून निभावलं. प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन 1927 साली अशीच गेली. गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकला होता.

"सांगायचं तरी!" मी म्हणाले.

"अगं, मला दिसत होता ना," ते म्हणाले.

सायकलवाल्या चाचांनी मग नीट शिकवलं. निघताना पुढच्याने दोन्ही पाय जमिनीवर रोवून ब्रेक दाबून धरायचे, मगच मागच्याने बसायचं. थांबल्यावरही मागचा उतरेपर्यंत तसंच उभं राहायचं. सायकल लांब, म्हणून वळण मोठं घ्यायचं. वजन दोघांचं, म्हणून उतारावर आधीपासूनच वेग आवरायचा. आणि तोंड बंद ठेवायचं नाही. खड्डा, ब्रेक, वळण, पाय थांबवतोय, सगळं मोठ्याने सांगायचं. दुसऱ्या दिवशी तसं केलं, तर पाच-सहा किलोमीटर मजेत झाले.

पॅरालिम्पिकमध्ये टॅन्डमच्या शर्यती होतात. पुढे डोळस, मागे अंध किंवा अंधुक दिसणारा खेळाडू. मागचा जीव तोडून पाय मारतो, तो पुढच्यावरच्या भरवशावर.

आपल्या घरांत 'मला दिसतंय ना' हे उत्तर फार चालतं. कर्ज काढलं, बदली मागितली, जागा विकली. मागे बसलेलीला कळतं ते धक्का बसल्यावर. माझ्या वर्गातल्या एका मुलीला स्वतःची मंगनी ठरल्याचं खालाकडून कळलं. दहावीचा फॉर्म भरायचे दिवस होते. अब्बूंनी तिचं वाईट चिंतलं नसेल. त्यांना रस्ता दिसत होता, एवढंच. पण पाय तीही मारत होती.

तिच्या अम्मी-अब्बूंना मी शाळेत बोलावलं. मुलीला समोर बसवून बोला, एवढीच विनंती केली. मुलीने परीक्षा दिली. पुढचं अजून ठरायचंय, पण आता तिला विचारतात.

शाळेत सायकलवर येणाऱ्या मुलींना मी रोज ओढणी कमरेला घट्ट बांधायला लावते. डबलसीट येणारीला सांगते, पाय चाकापासून लांब ठेव, आणि पुढचीला विचारत राहा, पुढे काय आहे ते.