थ्रो-इनला ऑफसाइड नसतो

मॅच तेरा वर्षांखालच्या मुलींची होती. कोल्हापूरच्या बाहेर, तोडणी झालेल्या उसाच्या रानाला लागून असलेलं मैदान. चुन्याच्या रेषा अर्ध्या पुसलेल्या, लाइन्समन नाहीत, रेफ्री एकटाच. तोही कॉलेजात शिकणारा पोरगा. आम्ही एका गोलनं मागे होतो. चार-पाच मिनिटं उरली असताना आमच्या मुलींना थ्रो-इन मिळाला. चेंडू थेट आमच्या स्ट्रायकरकडे गेला. ती बचावफळीच्या मागे एकटीच होती. तिनं तो जाळ्यात मारला आणि शिट्टी वाजली. ऑफसाइड.

फुटबॉलचा अकरावा नियम ऑफसाइडचा. थ्रो-इन, गोल-किक आणि कॉर्नर यांवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड धरत नाहीत. त्या पोराच्या नजरेनं काहीच चूक केली नव्हती. मुलगी कुठं उभी आहे हे त्यानं अचूक टिपलं होतं. ऐन वेळी नियम तेवढा आठवला नाही.

मग जे झालं त्यात मीही होतो. आम्ही पालक धावत रेषेपाशी गेलो आणि ओरडू लागलो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघायला मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय, आणि रेफ्रीवर ओरडायला तिथंच शिकलोय. तो आवाज त्या दिवशी आपोआप निघाला. समोर आमची बारा वर्षांची कॅप्टन रेफ्रीला काहीतरी सांगत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. रेफ्री तिच्याकडे बघतच नव्हता, तो आमच्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा घट्ट होत चालला होता. त्यानं हात वर केला, समोरच्या संघानं फ्री किक घेतली, मॅच पुढे गेली. आम्ही हरलो.

घरी येताना गाडीत कॅप्टन म्हणाली, “काका, मी त्यांना सांगत होते, सर, थ्रो होता. त्यांना ऐकूच आलं नाही.”

नियम असा आहे की आपला निर्णय चुकला हे लक्षात आलं, तर खेळ पुन्हा सुरू होण्याआधी रेफ्री तो बदलू शकतो. एकदा चेंडू खेळात आला की नाही. म्हणजे अर्धा-पाऊण मिनिट हातात होतं. दुरुस्तीची ती एकच जागा होती, आणि ती आमच्या आरड्याओरड्यानं भरून गेली.

नंतर आम्ही रीतसर लेखी प्रोटेस्ट दिला, फी भरली. उत्तर आलं, ‘रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. अंतिम असतात ते खेळात काय घडलं याबद्दलचे निर्णय: चेंडू रेषेपार गेला का, हाताला लागला का. 2009 साली पॅरिसजवळ थिएरी आँरीच्या हाताला चेंडू लागला, त्यातून फ्रान्सचा गोल झाला आणि आयर्लंडची वर्ल्डकपची वाट बंद झाली. आयर्लंडनं मॅच पुन्हा खेळवा म्हणून मागणी केली, फिफानं नाकारली. रेफ्रीला दिसलं नव्हतं, आणि न दिसणं माणसाला माफ असतं.

नियम चुकीचा लावणं वेगळं. एप्रिल 2015 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या युरोपीय पात्रता फेरीत इंग्लंड नॉर्वेविरुद्ध 1-2 असं मागे होतं. अगदी शेवटी इंग्लंडला पेनल्टी मिळाली, लिआ विल्यमसननं गोल केला. पण इंग्लंडचीच एक खेळाडू किकआधी पेनल्टी एरियात शिरली होती. तेव्हाच्या नियमानं पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. रेफ्रीनं नॉर्वेला फ्री किक दिली. इंग्लंडनं दाद मागितली आणि युएफानं मॅच त्याच पेनल्टीपासून पुन्हा खेळवायला सांगितलं. पाच दिवसांनी, रात्री, बेलफास्टमध्ये दोन्ही संघ काही सेकंदांच्या खेळासाठी मैदानात उतरले. त्याच दिवशी ते आपापली दुसरी मॅच खेळून आले होते. अठरा वर्षांच्या विल्यमसननं पुन्हा गोल केला. 2-2. दोन्ही संघ पात्र ठरले. हीच मुलगी पुढे 2022 मध्ये इंग्लंडची कॅप्टन म्हणून युरो जिंकली.

हा किस्सा मी आमच्या मुलींना कितीदा तरी सांगितलाय. पोरांच्या मॅचला कसली अपील, खेळा आणि घरी जा, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नियम पाठ केलेल्या मुलीला तो मागता आला पाहिजे, आणि मागितल्यावर तिचं ऐकलं गेलं पाहिजे. पण या किश्शातली एक गोष्ट मला अजून टोचते. त्या रेफ्रीला स्पर्धेतून घरी पाठवण्यात आलं. मॅच दुरुस्त झाली, त्या रेफ्रीला मात्र चूक दुरुस्त करायला तिथं दुसरी मॅच मिळाली नाही.

आमचा तो कॉलेजचा पोरगाही त्या मोसमात पुन्हा शिट्टी घेऊन दिसला नाही. मी दोन-तीन मैदानांवर विचारलं. त्याची माफी मागायची राहिली आहे.

2024 च्या युरोपासून मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये रेफ्रीशी बोलायला फक्त कॅप्टननं जायचं, असा दंडक आला. पोरांच्या मैदानावर तो रेषेबाहेरच्या आपल्यालाही लागू करायला हवा. पुढच्या रविवारी मुलांची मॅच बघायला याल तेव्हा, शिट्टी चुकली असं वाटलं तर, तेवढं अर्धं मिनिट गप्प राहा. कॅप्टन बोलत असेल.