मित्राचं आसन

पेठ वडगाव,
जि. कोल्हापूर

चि. नितीन,

स्पॅनिश शिकताना ‘कोंपाद्रे’ म्हणजे जिवलग दोस्त, एवढ्यावर थांबू नकोस. मेक्सिकोत तो शब्द दोस्ताला सर्रास लावतात हे खरं, पण नातं जुळतं ते बाप्तिस्म्याच्या वेळी. तिथे मुलासाठी पाद्रिनो आणि माद्रिना, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, उभे राहतात. चर्चच्या कायद्याप्रमाणे जन्मदात्या आईबापांना ही जागा घेता येत नाही, ती दुसऱ्यालाच द्यावी लागते. मुलाचा बाप आणि पाद्रिनो तेव्हापासून एकमेकांचे कोंपाद्रे होतात, आई आणि माद्रिना कोमाद्रे. सिडनी मिन्ट्झ आणि एरिक वुल्फ या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५० साली या प्रथेवर लिहिलं, तेव्हा त्यांना लॅटिन अमेरिकेत मूल आणि धर्मपित्यापेक्षा या दोन मोठ्या माणसांमधलंच नातं वजनदार दिसलं. मैत्रीला साक्षीदार मिळतात आणि कर्तव्यं नेमून दिली जातात, यातच त्या प्रथेची ताकद आहे.

हे सातासमुद्रापारचं समजू नकोस. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचं ‘कुपारी’ हे नाव ‘कोंपाद्रे’च्याच पोर्तुगीज भावंडावरून आलं, असं मानतात. आपल्या विधींमध्ये मात्र मानाच्या जागा रक्ताच्या नात्यांनी आधीच भरलेल्या असतात. बारशाला कानात नाव सांगते ती आत्या, लग्नात नवरीच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. बाहेरून मूल आणायची आपली रीत म्हणजे दत्तक. आपल्या शाहू महाराजांना १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून असंच दत्तक घेतलं. पण दत्तकात मूल एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातं. बाप्तिस्म्यात ते कुठेच जात नाही, उलट त्याला आणखी एक दार उघडं होतं. माझं म्हणणं एवढंच, की बारशात एक आसन मित्रासाठी असावं.

यावर तू म्हणशील, खऱ्या मायेला विधी कशाला? शिवाय आपल्याकडे मानलेले भाऊ, मानलेल्या बहिणी आहेतच. आहेत, आणि ती नाती लोक मनापासून निभावतातही. पण मानलेलं नातं बहुधा त्या दोघांपुरतं राहतं. एकजण गेल्यावर दुसऱ्याने त्याच्या मुलाच्या शिक्षणात लक्ष घातलं, तर भाऊबंद ‘तुमचा काय संबंध?’ म्हणून विचारू शकतात. चारचौघांत जबाबदारी घेतलेल्या माणसाजवळ या प्रश्नाचं उत्तर असतं. माया विधीने उपजत नाही, पण मायेला बोलण्याचा हक्क विधीने मिळतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गरीब माणूस जमीनदाराला किंवा पुढाऱ्याला पाद्रिनो करतो, मग मदतीच्या बदल्यात मत आणि मान तुकवणं आलंच. लॅटिन अमेरिकेत ‘कोंपाद्रासगो’ हा शब्द वशिलेबाजीसाठीही वापरतात, तो उगाच नव्हे. पण ऊसपट्ट्यातल्या सोयरिकींचं राजकारण बघणाऱ्याला हा दोष फक्त त्याच प्रथेचा वाटणार नाही. त्याहून अडचणीचं आहे ते कुपारी समाजाचं उदाहरण. रक्ताबाहेर नातं जोडणारा शब्द तिथे एका जातीवजा समाजाची ओळख होऊन बसला. म्हणजे नुसतं आसन मांडून जात मोडत नाही, हे कबूल करायलाच हवं. त्या आसनावर कुणाला बसवायचं, हे शेवटी आईबापांच्या धाडसावर आहे. पण आसनच नसेल तर धाडस दाखवायला जागा तरी कुठे उरते? आत्याचा मान आत्याला राहू दे. तिच्या शेजारी दुसऱ्या आळीतल्या, दुसऱ्या जातीतल्या एका मित्राने उभं राहून ‘या मुलाचं मी बघेन’ एवढं सगळ्यांदेखत म्हणावं. त्याला पुरोहित लागत नाही की पंचांग. पटत नसेल तर तुझी हरकत सविस्तर लिही.

तुझा,
काका