सरकती काच

आमची १९९८ सालची फोक्सवॅगन टी४ मूळची मालवाहू व्हॅन. मागचा भाग म्हणजे निव्वळ पत्र्याची पेटी. तिच्यात झोपण्याची सोय केली आणि वेल्समधल्या पहिल्याच मुक्कामात, पहाटे छतावरून थेंब ओघळू लागले. बाहेर पाऊस नव्हता. आमच्याच श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन साचली होती. भारतातून आलेल्या आईला दमा. तिने ती रात्र बसून काढली. म्हणाली, “बाहेरचं दिसलं नाही तरी चालेल, वारा यायला हवा.” म्हणून अखंड काचेऐवजी सरकती काच आणली.

या व्हॅनच्या बाजूच्या पत्र्यावर खिडकीच्या आकाराचा ठसा कारखान्यातच उमटवलेला असतो. तरीही जिगसॉचे पाते आत उतरवताना हात थरथरला. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. कापणे लवकर उरकले. खरा वेळ गेला तो कडेवर. कानस फिरवून धार मोडली, गंजरोधक प्रायमर लावला, मग रंग, मग तो वाळण्याची प्रतीक्षा. घाईत उघडी राहिलेली कड आतून गंजत जाते आणि एक दिवस काचेची पकड सुटते. शेवटी पॉलियुरेथेनची सलग रेघ ओढून काच दाबली, चिकटपट्ट्यांचा आधार दिला आणि दिवसभर तिला हात लावला नाही.

पुढच्या मुक्कामी आईने स्वतःच काच सरकवली, चार बोटे. पहाटे छत अगदी कोरडे होते असे नाही. पण आई मंद घोरत होती.