फ्लोरेच्या शेजारी

सात रस्त्यावरून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे जाताना मुंबईचा हुतात्मा चौक आमच्या मनात येतो. आपले चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. तेथे मात्र हुतात्म्यांच्या शेजारी एक कारंजे आहे आणि त्याच्या शिखरावर रोमन पुष्पदेवता फ्लोरा!

हे कारंजे मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजलेले. १८६४ साली ते फोर्टमध्ये, जुन्या चर्चगेटच्या जागी उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्प जेम्स फोर्सिथ यांचे, पाषाण इंग्लंडातील पोर्टलंडचा. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यकर्त्यांना मूर्तिपूजक रोमची देवता कशी चालली, याचे आम्हांस जरा नवलच वाटते.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर येथेच गोळीबार झाला. पुढे चौकाचे नाव पालटले, मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले. १९६५ साली राजा एडवर्डचा काळा घोडा राणीच्या बागेत हलविला गेला. ज्या बागेसाठी फ्लोरा घडविली होती, तीच ही बाग! तिला मात्र कोणी हलविले नाही. रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांवर वेदी उभारणाऱ्या ख्रिस्तसभेची लेकरे म्हणून आम्हांस हे शेजारपण मोलाचे वाटते. २०१९ साली जीर्णोद्धार पूर्ण होऊन कारंज्यातून पुन्हा पाणी उडाले.